जुन्या पिकअपचे बिल एवढे का येते?

सायकलचे टायर बदलायला गेलात तर मागच्या चाकाला मजुरी थोडी जास्त पडते. टायर तेच, ट्यूब तीच. पण मागे चेन आहे, कॅरिअर आहे, कधी स्टँड आहे. ते सगळे सोडवून पुन्हा बसवावे लागते. मुलांना हे ठाऊक असते, फक्त त्यांनी त्याचा विचार केलेला नसतो. या साध्या गोष्टीतून यंत्रांबद्दल बरेच शिकता येते. त्यासाठी आपण एक मोठे उदाहरण घेऊ, आणि ते जरा लांबचे, अमेरिकेतले आहे.

आपल्याकडे पिकअप म्हणजे भाजी, दूध, सिमेंटची पोती वाहणारी छोटी गाडी. अमेरिकेतला ‘हेवी-ड्युटी पिकअप’ हा निराळाच प्राणी आहे. त्याचे स्वतःचेच वजन तीन टनांच्या आसपास असते, आत ट्रकला शोभेल असे डिझेल इंजिन, आणि मागे तो गुरांची किंवा घोड्यांची गाडी, नाहीतर बांधकामाचे यंत्र ओढतो. नवा पिकअप फार महाग, म्हणून लहान शेतकरी आणि एकट्याने कामे घेणारे कंत्राटदार वीस-पंचवीस वर्षांचा जुना घेतात. इंजिने टिकाऊ असतात, त्यामुळे हा व्यवहार बहुधा फायद्याचा ठरतो. मात्र एखादी दुरुस्ती अशी निघते की ती गाडीच्या किमतीच्या जवळ जाते. मग पोटापाण्याचे साधनच दारात उभे राहते. या गाड्यांचे काही दोष आता तिथल्या मेकॅनिकांना तोंडपाठ आहेत. त्यातले तीन पाहू.

१९८९ ते १९९८ या काळातल्या डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे सहा सिलिंडरचे, बारा झडपांचे, ५.९ लिटरचे डिझेल इंजिन मिळत असे. (कमिन्सच्या याच ‘बी’ मालिकेतली इंजिने पुढे जमशेदपूरला टाटा कमिन्सच्या कारखान्यात बनू लागली आणि टाटांच्या ट्रकांत आली. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना हे कुळ परके नाही.) इंजिनाच्या पुढच्या बाजूला टायमिंग गिअरची ॲल्युमिनियमची पेटी असते. कारखान्यात ही पेटी बिडाच्या ब्लॉकवर अचूक जागी बसावी म्हणून एक पोलादी पिन ठोकलेली असते. ती करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. पेटीचे बोल्ट आवळले की पिनेचे काम संपले. पुढे गाडीच्या आयुष्यभर ती नुसती भोकात बसून राहते, आणि तिला धरून ठेवते फक्त घर्षण.

आता वर्गात एक प्रयोग करा. एका फळीवर लोखंडी नट ठेवा आणि फळी हळूहळू तिरकी करा. नट घसरू लागण्याच्या थोडे आधी थांबा. नट जागेवर राहील, तासभर राहील. मग फळीवर बोटाने टकटक करा. प्रत्येक टिचकीला नट किंचित सरकेल, आणि नेहमी खालीच सरकेल. टिचकीने क्षणभर नटाचा फळीवरचा दाब कमी होतो, दाबाबरोबर घर्षण कमी होते, आणि तेवढ्या क्षणात उतार आपले काम करून घेतो. पिनेचेही तसेच. तिला आत जायला जागा नाही, बाहेर आहे. डिझेल इंजिनाचा धडधडाट, रोजचे तापणे आणि निवणे, यांनी ती केसाकेसाने बाहेर येऊ शकते. काही गाड्यांत ती कधीच हलत नाही. काहींत ती निसटून तळाच्या तेलात पडते, आणि मालकाला पत्ताही लागत नाही. पण पडताना ती फिरत्या गिअरच्या दात्यांत सापडली तर पेटी फुटते, तेल गळते, आणि झडपांची वेळ चुकली तर झडपा पिस्टनवर आदळू शकतात. अमेरिकन मेकॅनिक तिला ‘मारेकरी पिन’ म्हणतात. नाव भडक आहे, पण अगदीच खोटे नाही.

उपाय काय? शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची एक छोटी पट्टी बसवायची, म्हणजे भोकाचे तोंड अडते. पट्टीची किंमत किरकोळ. मात्र तिथवर पोचायला पंखा, पट्टा, क्रँकची पुली आणि पुढचे झाकण काढावे लागते, आणि पुन्हा लावताना तेलाचे सील नवे घालावे लागते. जवळजवळ सगळा खर्च असा वाटेतच होतो. हौशी मालक हे काम सुट्टीच्या दिवशी घरीच करतात, आणि आमच्या मते त्यांचे बरोबर आहे.

दुसरे उदाहरण जास्त गुंतागुंतीचे आहे. २००३ ते २००७ च्या फोर्ड एफ-२५० आणि एफ-३५० गाड्यांत ६ लिटरचे आठ सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. ते फोर्डसाठी नॅव्हिस्टार (इंटरनॅशनल) कंपनी बनवत असे. वॉरंटीतल्या दुरुस्त्यांचा भार कोणी सोसायचा यावरून दोघांत एवढे बिनसले की जानेवारी २००७ मध्ये फोर्डने दावा लावला. समझोता झाला जानेवारी २००९ मध्ये.

या इंजिनात तेल थंड करणारा ऑइल कूलर दोन्ही सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोलगट जागेत, बऱ्याच भागांखाली दडलेला आहे. त्याच्या अरुंद वाटांतून एका बाजूने तेल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट जाते. ओतकामात राहिलेली वाळू आणि कूलंटमधला गाळ या वाटांत साठतो. एवढ्यावर भागले असते, पण इथून निघालेले कूलंट पुढे धुराच्या कूलरमध्ये जाते. प्रदूषण कमी करण्यासाठी थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडतात, त्याला आधी थंड करणारा हा भाग. आत येणारा धूर काही शे अंश तापलेला, आणि कूलंटची धार बारीक झालेली. मग कूलंट तिथेच उकळते, कूलरचा पत्रा तडकतो, पाणी सिलिंडरपर्यंत पोचते आणि मागून पांढरी वाफ येऊ लागते. पुष्कळदा यानंतर हेड गॅस्केटही उडते.

गॅस्केट का उडते, ते गणिताने पाहू. सिलिंडरचा व्यास ९५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७१ चौरस सेंटिमीटर. (पिस्टनची चाल १०५ मिलिमीटर आहे, आठ सिलिंडरचे आकारमान मुलांकडून काढून घ्या, ६ लिटरला किंचित कमी येईल.) जळताना दर चौरस सेंटिमीटरवर १५० किलोग्रॅम दाब धरला, तर एका सिलिंडरचा स्फोट हेडला साडेदहा टनांनी वर ढकलतो. त्याला दाबून धरायला प्रत्येक सिलिंडरभोवती चारच मुख्य बोल्ट, तेही शेजारच्या सिलिंडरबरोबर वाटून घेतलेले. आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंगच असते. साध्या गाडीत ही स्प्रिंग पुरते. पण वाफेचा दाब वाढला, किंवा मालकाने जास्त ताकदीच्या हौसेने संगणकाची मांडणी बदलून घेतली, की हेड केसभर उचलले जाते. मग गॅस्केटला वाट फुटते.

आता बिल. हेड काढायला जागा इतकी अपुरी की अनेक गॅरेजांत चालकाची सबंध केबिनच चासीवरून उचलतात. ऐकायला हा अतिरेक वाटतो, पण त्याने वेळ वाचतो. समजा मजुरी तासाला १५० डॉलर आणि काम वीस तासांचे. नुसत्या मजुरीचेच ३,००० डॉलर झाले. गॅस्केट, जास्त मजबूत स्टड, दोन्ही कूलर आणि हेड घासून सपाट करणे वेगळेच.

हे सगळे आधी कळू शकते. गाडीच्या संगणकाला तेलाचे आणि कूलंटचे, दोन्ही तापमान कळत असते आणि स्वस्तातले वाचनयंत्र लावून ते पाहता येते. इंजिन पूर्ण तापल्यावर, एकसारख्या वेगाने चालताना तेल कूलंटपेक्षा १५ अंश फॅरनहाइटहून जास्त गरम असेल तर कूलर तुंबू लागला, असा तिथला ठोकताळा आहे. इथे मुलांना जरूर विचारा: १५ अंश फॅरनहाइट म्हणजे किती सेल्सिअस? बरीच मुले ३२ वजा करून उणे साडेनऊ सांगतील. पण हे तापमान नसून तापमानातला फरक आहे. ३२ वजा करायचे नाहीत, फक्त ५/९ ने गुणायचे. उत्तर आठ अंशांच्या थोडे वर. एवढा फरक दिसताच कूलर बदलला तर खर्च होतोच, पण हेड आणि केबिनपर्यंत जाणे बहुधा टळते.

तिसरे उदाहरण थोडक्यात. जनरल मोटर्सच्या २००१ ते २००४ च्या मध्यापर्यंतच्या ड्युरामॅक्स इंजिनांत इंजेक्टर झडपांच्या झाकणाखाली होते. इंजेक्टर झिजून गळू लागला की डिझेल इंजिन-तेलात उतरे. अशा वेळी डिपस्टिकवर तेलाची पातळी कमी न होता वाढते! वाढलेले तेल पाहून निश्चिंत होणाऱ्या मालकाचे बेअरिंग त्या पातळ तेलात झिजत असते. कंपनीने या इंजेक्टरांची हमी सात वर्षे किंवा दोन लाख मैलांपर्यंत वाढवली होती. ती मुदत केव्हाच संपली. झाकण एकदा उघडले की मेकॅनिक आठही इंजेक्टर बदलायला सांगतो. यात लबाडीच असेल असे नाही. उरलेल्यांपैकी एक वर्षभराने गेला तर तीच मजुरी पुन्हा पडणार. पुढच्या आवृत्तीत इंजेक्टर झाकणाबाहेर आणले गेले.

म्हणून तिथला जाणता गिऱ्हाईक जुना पिकअप बघताना मैलांच्या आकड्यावर फारसा रेंगाळत नाही. तो थंड इंजिनाची डिपस्टिक काढून तेल बघतो, बोटांत घेऊन वास घेतो. मग वाचनयंत्र लावून गाडी अर्धा तास हमरस्त्यावर चालवतो, आणि परत आल्यावर जुन्या बिलांची फाईल मागतो. पिनेची पट्टी बसली आहे का, कूलर कधी बदलला, इंजेक्टर किती आणि केव्हा, हे त्या फाईलमध्ये असते.