तार दूर, तरी करंट!

लाईन बंद, परमिट हातात, तरी जाणता लाईनमन तारेला थेट हात लावत नाही. आधी टेस्टर, मग डिस्चार्ज रॉड, मग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग! कारण त्याच टॉवरवरची दुसरी लाईन चालू असेल, तर बंद तारेतही जीव घेण्याइतकं व्होल्टेज उभं राहतं. १८३१मध्ये मायकेल फॅरडेने दाखवलेलं प्रवर्तन ते हेच. हे अर्थिंग कितीही घाई असली तरी टाळू नये.

२००४मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलजवळ रिचर्ड बॉक्स या कलावंताने हाय टेन्शन लाईनखालच्या शेतात १,३०१ ट्यूबलाईट रोवल्या. एकीलाही वायर जोडलेली नव्हती. अंधार पडला आणि अख्खं शेत उजळलेलं दिसलं!

ही करामत विद्युत क्षेत्राची. त्याला माती अडवते, चुंबकीय क्षेत्राला नाही. म्हणून लाईनला समांतर पुरलेल्या पोलादी गॅसपाइपातही व्होल्टेज येतं. आणि गंमत पाहा, गंज टाळायला कोटिंग जितकं पक्कं, तितकं ते व्होल्टेज जमिनीत उतरायला वाट कमी. त्यात कोटिंगला बारीकसं छिद्र पडलं, की प्रवाह नेमका तिथूनच बाहेर पडतो आणि तिथलंच पोलाद खातो! म्हणून पाइपाशेजारी जस्ताची पट्टी पुरून जोडतात. व्हॉल्व्हपाशी पायाखाली धातूची जाळी पुरतात, तीही पाइपाला जोडूनच. हात आणि पाय एकाच व्होल्टेजवर आले, की शॉक बसायला फरकच उरत नाही. हात लागण्याजोग्या जागी १५ व्होल्टच्या वर गेलं की उपाय करायचा, असा पाइपलाईनवाल्यांचा दंडक.

टेलिफोनच्या तारांनाही प्रवर्तनाचा हाच उपद्रव; त्यावर उतारा ग्रॅहॅम बेलने १८८१मध्येच काढला : दोन तारांना एकमेकींभोवती पीळ. दोघींत सारखाच उपद्रव येतो आणि परस्पर कटतो. ऑप्टिकल फायबरला तर ही चिंताच नाही, काचेत प्रवर्तन होत नाही.

सगळ्यात स्वस्त इलाज मात्र नकाशावरचाच. लाईन आणि पाइप लांबवर समांतर नेऊ नयेत, ओलांडायचंच तर काटकोनात. खोदाईनंतर जाग येण्यापेक्षा दोन्ही खात्यांनी आधीच एका टेबलाशी बसावं.

आपली चंद्रपूर–पडघे लाईन ७५२ किलोमीटरची, ५०० किलोव्होल्टची, पण डीसी! प्रवाह सतत उलटसुलट होत नाही, त्यामुळे नेहमीच्या चालीत प्रवर्तनाचा त्रास जवळपास नाही. पण डीसीचा प्रवाह जमिनीतून परत आणायची वेळ आली, तर तो वाटेतले पुरलेले पाइप गंजवू शकतो. म्हणून अशा लाईनींचे अर्थ इलेक्ट्रोड पाइपांपासून चांगलेच लांब ठेवतात.