गोजिरे रूप, रक्तरंजित विनोद

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील मोंडो मीडियाने १९९९ मध्ये ‘हॅपी ट्री फ्रेंड्स’ ही व्यंगचित्रमालिका इंटरनेटवर आणली. पिवळा ससा कडल्स, लाल साळिंदर फ्लेकी, खेळकर संगीत. आणि क्षणार्धात क्षुल्लक अपघातातून देहाच्या चिंधड्या! पुढील भागात तीच पात्रे धडधाकट. भागाच्या शेवटी सुविचारही झळकतो. हाच तिचा काळा विनोद. ही मालिका लहान मुलांसाठी नाही, अशी सूचना निर्मात्यांनीच दिली आहे. परंतु सूचना वाचतात ती मोठी माणसे. बालकाला दिसतात केवळ सशाचे कान. वेष्टन पाहून माल घेऊ नये, हे व्यापारी जाणतो. मुलाच्या हाती मोबाइल देताना मात्र विसरतो. एक भाग आधी आपण पाहावा, मग ठरवावे.