किड्यानं घडवलेली घराणी

एखाद्या घराण्याची हकिगत विचारली की माणसं आजा-पणजाची नावं सांगतात, कोण कुठून आला, कुणाला किती पोरं झाली ते सांगतात. पण अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात न्यू ग्लॅरस म्हणून गाव आहे, तिथल्या स्विस शेतकरी घराण्यांची हकिगत सांगायला बसलं की मला आधी एका किड्याचं नाव घ्यावं लागतं आणि मागोमाग काही जिवाणूंचं.

ही मंडळी मूळची स्वित्झर्लंडच्या ग्लॅरस परगण्यातली. दोन्ही अंगांना उभे डोंगर, मधे चिंचोळं खोरं, जमीन हातभर आणि खाणारी तोंडं ढीगभर; त्यात बटाट्यावर रोग पडला आणि घरबसल्या सूत-कापडाच्या कामातून जे चार पैसे मिळत ते गिरण्यांनी नेले. मग त्यांनी काय केलं, तर एक न्यायाधीश आणि एक लोहार असे दोघे जमीन बघायला पुढं धाडले. त्या दोघांनी १,२०० एकर शेतजमीन घेतली, आणि मागून १८४५ च्या एप्रिलात १९३ माणसं बायकापोरांसह निघाली. नदी, समुद्र, परत नदी असं करत ऑगस्टात शंभरेकच पोचली. काही वाटेत दगावली, काही मधेच कुठं कामाला लागली. पोचलेल्यांनी चिठ्ठ्या टाकून घरटी २० एकर वाटून घेतले.

आता डोंगरातल्या माणसाला गाईचं काम जन्माचं ठाऊक, पण नव्या मुलखात रोकडा मिळे तो गव्हाला, म्हणून चारचौघांसारखा यांनीही गहू पेरला. जमीन कधी नांगर न लागलेली, तेव्हा पहिली वर्षं बरी गेली. पण त्या गवताळ रानात यांच्या कितीतरी आधीपासून नांदणारा एक जण होता, चिंच बग. अंगानं तांदळाच्या कणीएवढा, काळा, पाठीवर पांढरे पंख मिटलेले, जातकुळी ढेकणाची. चिरडला तर वासही घाणच. हिवाळाभर गवताच्या बुंध्यात दडी मारायची, वसंतात बाहेर पडायचं आणि सोंड खुपसून ताटातला रस ओढायचा. रानगवतावर जगणाऱ्या या किड्याला माणसानं गव्हाची अख्खी शेतंच वाढून ठेवली! त्याची पिल्लं लाल, बिनपंखी. गहू वाळून रस आटला की ती शेजारच्या मक्याकडे चक्क पायी निघतात, तीही लाखोंनी. त्यांना अडवायला शेतकरी वाटेत चर खणून बसायचे. याचा वैरी म्हणजे एक बुरशी, पण तिला ओल लागते. पाऊसपाण्याच्या साली ती किड्याला पांढरं करून मारते, कोरड्या साली किडा मोकाट.

गहू असा हातचा जाऊ लागला, जमीनही थकली. पण या किड्याची एक खोड होती: तो गवताच्या कुळातलंच खातो, क्लोव्हर नावाच्या चाऱ्याला तोंड लावत नाही, आणि गाईला तर क्लोव्हर गोड! मग मंडळी मुकाट्यानं जुन्या धंद्याकडे, गोठ्याकडे वळली. दूध लांबच्या बाजारापर्यंत टिकत नाही, चीज टिकतं; १८६८ मध्ये निकोलस गर्बर यांनी तिथं लिम्बर्गर चीजचा पहिला कारखाना काढला.

आणि इथून पुढं सूत्रं जिवाणूंच्या हाती. मोठ्या भोकांचं जे स्विस चीज, त्यातला जिवाणू ऊबदार खोलीत आंबटपणा खातो आणि कर्बवायू सोडतो. वायूला घट्ट गोळ्यातून वाट मिळत नाही, तो जागच्या जागी फुगतो, झालं भोक. पण भोक नेमकं तिथंच का? तर २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की दुधात पडलेल्या वाळल्या गवताच्या सूक्ष्म कणांभोवती वायू गोळा होतो. धारा उघड्या बादलीऐवजी बंद यंत्रात काढू लागले आणि भोकं कमी झाली, म्हणजे स्वच्छतेनं चीजची शोभा घालवली म्हणायची!

लिम्बर्गरची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच्या सालीवर वाढणारा जिवाणू आपल्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात राहणाऱ्या जिवाणूचा सख्खा भाऊबंद, म्हणून वासही तोच, घामेजल्या पायमोज्यांचा. हे माणसाला नाक धरून कळतं, पण डासांनाही कळतं: आफ्रिकेत मलेरिया पसरवणारी डासाची मादी लिम्बर्गरच्या वासाकडे माणसाचा पाय समजून झेपावते, हे प्रयोगांत दिसलं आणि त्या शोधाला २००६ मध्ये हसवणारं इग नोबेलही मिळालं.

तिथल्या घराण्यांच्या वंशावळीत ना तो किडा सापडतो, ना हे जिवाणू. पण तो किडा नसता तर ही माणसं कदाचित गव्हाचीच राहिली असती, आणि सोयरीक जुळवताना मुलाकडच्यांनी "गाई किती?" ऐवजी "गहू किती?" विचारलं असतं!