ऊब हवी, धूर नको

सीवूड्स हे नवी मुंबईतले ठिकाण. आज तिथे उंच उंच इमारती आहेत. त्यांच्या शेजारीच दारावे आणि करावे ही जुनी गावे आहेत. जवळच खाडी. त्यामुळे इथे कडाक्याची थंडी पडत नाही. एक गोधडी पुरते. पण आपला महाराष्ट्र मोठा आहे. नाशिक जिल्ह्यात निफाडला काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. मग लोक दारात शेकोटी पेटवतात, नाही तर शेगडी घरात नेतात.

आता विचार करा. ज्या देशांत महिनोन्‌महिने बर्फ असते, तिथली माणसं काय करत असतील?

रशिया, फिनलंड, ऑस्ट्रिया या देशांत घराच्या मधोमध विटांची मोठी भट्टी बांधण्याची जुनी चाल आहे. तिचे वजन हजार किलोहूनही अधिक असते. तिच्या पोटात सुके सरपण रचून एकदाच मोठा जाळ करतात. तास-दोन तासांत जाळ विझतो. पण भट्टी पुढे बारा-बारा तास ऊब देत राहते.

हे कसं होतं? उन्हाळ्यात कातळावर बसून पाहा. सूर्य मावळला तरी कातळ तापलेलाच असतो. दगड-विटा उष्णता हळूहळू घेतात आणि हळूहळू सोडतात. या भट्टीत गरम धूर सरळ वर जात नाही. विटांमधल्या नागमोडी वाटेने तो फिरतो. जाता जाता आपली उष्णता विटांना देतो. मगच धुराड्यातून बाहेर पडतो. काश्मीरमध्येही अशी युक्ती आहे. तिथे हमाम नावाची खोली असते. तिच्या दगडी फरशीखाली लाकडे जाळतात आणि माणसे फरशीवर बसून शेकतात.

आणखी एक गोष्ट. ओले लाकूड धुमसते आणि खूप धूर करते. त्या धुरात पुष्कळसे अर्धवट जळलेले सरपणच असते. म्हणजे डोक्यावरून आणलेली मोळी हवेत उडून जाते! लाकूड सुके असले आणि हवा भरपूर मिळाली, तर जाळ लख्ख लागतो. बराचसा धूर त्या जाळातच जळून जातो.

आम्ही तुम्हांला अशी भट्टी बांधा म्हणत नाही. आपल्याकडे तिची गरज नाही. पण तिचे शहाणपण चुलीलाही लागू पडते. आपल्या बायका चुलीला वैल ठेवत आल्या आहेत. पुढे भाकरी, वैलावर आमटी. एकाच जाळात दोन कामे! कमी आहे ती धुराड्याची. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणाऱ्यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास धुराड्याची ‘मगन चूल’ तयार केली. १९८३ साली सरकारने सुधारित चुलींची देशव्यापी योजना काढली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गरीब घरांत गॅस आला. तरी टाकी परवडली नाही की चूल पुन्हा पेटते.

हा धूर साधा नव्हे. त्याने डोळे चुरचुरतात, छाती भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने घरातल्या अशा दूषित हवेमुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली.

शेगडीचा धोका तर दिसतही नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. बंद खोलीत झोपलेला माणूस झोपेतच जातो.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

१. लाकूड फोडून, उन्हात वाळवूनच जाळा.

२. चुलीला धुराडे बसवा. त्यातली काजळी वरचेवर काढा.

३. पोरांना चुलीच्या धुरात बसवू नका.

४. शेगडी पेटती असो की विझत आलेली, झोपण्यापूर्वी ती घराबाहेर ठेवा.

५. शेगडीच्या खोलीत कुणाला चक्कर आली, तर दारे-खिडक्या उघडा. त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

थंडी गोधडीनेही भागते. गेलेला जीव मात्र परत येत नाही.