सुहेली : मुंबईत बांधलेल्या एका शर्यती नौकेचा आराखडा आणि इतिहास

प्रस्तावना :
जगाला एकट्याने, कोणत्याही बंदरात न थांबता, शिडाच्या नौकेतून प्रदक्षिणा घालण्याचा पहिला मान 22 एप्रिल 1969 रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाला मिळाला. ज्या नौकेतून त्याने हा प्रवास केला ती 'सुहेली' मुंबईत, भारतीय सुतारांच्या हातून, सागवानात घडली होती, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी परिचित नाही. आराखड्याच्या दृष्टीने पाहता ही नौका त्या काळीदेखील जुनाट समजली जात असे. अशी नौका यशस्वी का झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आराखड्याची परंपरा :
सुहेलीचे मूळ नॉर्वेत आहे. कॉलिन आर्चर (1832–1921) या नौकाशिल्पकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वादळात सापडलेल्या मच्छीमारांच्या सुटकेसाठी शिडाच्या नौका आखल्या. नान्सेनची 'फ्राम' ही ध्रुवीय मोहिमेची नौकाही त्याचीच. सुटकेच्या नौकेला वेगापेक्षा तग धरणे महत्त्वाचे असल्याने तिचे अंग रुंद व जड, तळाचा कणा लांब आणि पुढच्या टोकाप्रमाणे मागचे टोकही निमुळते ठेवलेले असे. मागून चाल करून येणारी लाट सपाट पाठीवर आदळते, तर निमुळत्या टोकाशी ती दुभंगते, हे त्यामागील तत्त्व होय. 1920 च्या दशकात विल्यम ॲटकिन या अमेरिकन आरेखकाने हाच घाट सुमारे 32 फुटांच्या लहान नौकेत उतरविला व तिला 'एरिक' हे नाव दिले.

मुंबईतील बांधणी :
नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडहून नौकेचे नकाशे मागविले. हाती आले ते मात्र 'एरिक'चे. दुसरे मागविण्यास सवड नव्हती, तेव्हा आहे त्यावरच काम सुरू झाले. कुलाबा वर्कशॉपमध्ये वाकस आणि धनुकलीने फिरणारा सामता अशा पिढीजात हत्यारांनी सुतारांनी ही नौका उभी केली. नारळ फोडून 1964 मध्ये ती पाण्यात सोडण्यात आली. इराणच्या आखातातील आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी ज्या नावाने ओळखतात, ते नाव तिला मिळाले.

सागवान विदर्भातील वाचकास नवे नाही. या लाकडातील नैसर्गिक तेलामुळे ते पाण्यात सहजी कुजत नाही व लोखंडी खिळ्याच्या संगतीतही टिकते. मुंबईच्या गोदीत 1817 साली सागवानात बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. नौकेची चर्चा करताना आरेखकांची वंशावळ बारकाईने सांगितली जाते आणि बांधणाऱ्यांची बोळवण बहुधा 'भारतीय सुतार' एवढ्या दोन शब्दांत होते, हे न्याय्य नव्हे.

शर्यत :
1968 साली 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राने गोल्डन ग्लोब ही शर्यत जाहीर केली. नॉक्स-जॉन्स्टनला खरे तर नवी, मोठी, पोलादी नौका हवी होती. परंतु पैसा उभा राहिला नाही. म्हणून दोन डोलकाठ्यांची सुहेली घेऊनच 14 जून 1968 रोजी त्याने फालमथ बंदर सोडले. पाण्याच्या पातळीवरील लांबी जितकी कमी, तितकी अशा नौकेची वेगमर्यादाही कमी. त्यामुळे सुमारे 30,000 सागरी मैलांचे अंतर ताशी सरासरी जेमतेम 4 सागरी मैल अशा चालीने कापले गेले.

सुरुवातीच्याच महिन्यांत कण्यालगतच्या सांध्यातून पाणी झिरपू लागले. त्याने समुद्रात उतरून, नौकेखाली बुडी मारून फटीत सूत ठासले आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. लाकडी बांधणीचा हा मोठाच गुण होय, की तिची दुरुस्ती साध्या हत्याराने, भर समुद्रातही करता येते. पुढे वाऱ्याच्या पात्यावर चालणारी स्वयंचलित सुकाणूव्यवस्था मोडली. परंतु लांब कण्यामुळे नौका सरळ रेषेत राहत असल्याने शिडांचा तोल साधूनच निम्म्याहून अधिक काळ काम भागले. वादळात लांब दोर मागे सोडून तो नौकेची गती रोखून धरी, आणि निमुळते मागचे टोक लाटेकडे राही. नऊ स्पर्धकांपैकी 312 दिवसांनी परतला तो एकटाच. 5,000 पौंडांचे बक्षीस त्याने या शर्यतीत प्राण गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

1997 मध्ये सुहेली ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. दक्षिण महासागराने जे केले नाही ते संग्रहालयाच्या छपराखाली होऊ लागले! अखेर 2002 साली मालकाने तिला बाहेर काढले आणि पुन्हा समुद्रावर नेले.

गोव्यातील प्रतिकृती :
मूळ शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 2018 मध्ये जुन्या पद्धतीच्या नौकांची शर्यत योजण्यात आली. तिच्यासाठी गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस कारखान्यात सुहेलीची प्रतिकृती 'तुरीया' 2017 मध्ये तयार झाली. याच कारखान्यात घडलेल्या 56 फुटी 'म्हादेई'तून दिलीप दोंदे यांनी 2009–10 मध्ये थांबे घेत, तर अभिलाष टॉमी यांनी 2012–13 मध्ये विनाथांबा, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. टॉमीच तुरीया घेऊन निघाले. 21 सप्टेंबर 2018 रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तुरीया उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. जड तळामुळे नौका पुन्हा सरळ झाली व तरंगत राहिली. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. त्याच वादळात दुसऱ्या घाटाची आयरिश नौकाही डोलकाठ्या गमावून बसली, तेव्हा दोष केवळ आराखड्याचा ठरत नाही. मात्र जुना घाट म्हणजे अभय, अशीही समजूत या घटनेनंतर ठेवता येत नाही.

टॉमी 2022 मध्ये पुन्हा त्याच शर्यतीत उतरले, पण या वेळी 36 फुटी रस्लर जातीची, फायबरग्लासची नौका घेऊन. 29 एप्रिल 2023 रोजी दुसऱ्या क्रमांकाने त्यांनी ती शर्यत पूर्ण केली.