पद्मिनीच्या पोटातला पडदा

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी ठाणे-डोंबिवलीच्या एखाद्या सोसायटीत अजून ताडपत्रीखाली दिसते, आणि मी थांबतोच.

महिनाभर उभी गाडी सुरू झाली नाही की सगळे बॅटरीला दोष देतात. बॅटरी ठीक असेल, तर पेट्रोलपंप उघडून बघा. इंजिनाला जोडलेल्या त्या छोट्या पंपात एक लवचीक पडदा असतो. तो वरखाली होतो आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढकलतो. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्याने फुगते, चिरते. शिवाय इथेनॉल खाडीकाठच्या दमट हवेतले पाणी ओढून घेते. पाणी वाढले की दोन्ही टाकीच्या तळाशी बसतात आणि पत्रा आतून गंजतो.

इथेनॉल सोसणारा पडदा कोणत्या मापाचा, कुठे मिळेल, हे जुन्या गाड्यांच्या क्लबातली जाणती मंडळी पटकन सांगतात. कागदपत्रांतही त्यांचा मोठा आधार. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. म्हणून बदललेला मूळ भाग फेकू नका. पुसून, चिठ्ठी लावून जपा.