चाकांवरचे घर आणि वाटली गेलेली हमी : अमेरिकेतील आर.व्ही. व ट्रेलर ओढणारे ट्रक यांची दुरुस्ती, विश्वासार्हता आणि उत्पादकांची ग्राहकसेवा

प्रस्तावना

अमेरिकेत 'रिक्रिएशनल व्हेईकल' अर्थात आर.व्ही. हे वाहन आता केवळ सुट्टीतील सहलीचे साधन राहिलेले नाही. निवृत्तीनंतर राहते घर विकून वर्षभर आर.व्ही.त राहणारी जोडपी, हंगामी कामासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारे श्रमिक, अल्पमुदतीच्या करारावर रुग्णालये बदलणाऱ्या परिचारिका असा मोठा वर्ग या वाहनात कायमचा राहतो. जेसिका ब्रूडर यांचे 'नोमॅडलँड' (२०१७) हे पुस्तक व त्यावर आधारित चित्रपट (२०२०) यांमुळे या वर्गाची ओळख जगाला झाली. अशा कुटुंबाची आर.व्ही. दुरुस्तीसाठी सहा आठवडे वर्कशॉपमध्ये अडकली, तर त्या कुटुंबाच्या घरालाच सहा आठवडे कुलूप लागते. सामान्य मोटारीच्या दुरुस्तीत हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रस्तुत लेखात आर.व्ही. आणि ती ओढणारा ट्रक यांच्या दुरुस्तीतील अडचणींची कारणमीमांसा केली आहे. ग्राहकांच्या तक्रारींमध्ये निकृष्ट कारागिरीचा उल्लेख वारंवार येतो आणि तो निराधार नाही. तथापि, दुरुस्ती रखडण्याचे अधिक मूलभूत कारण वेगळे आहे. या वाहनाची निर्मिती अनेक उत्पादकांत वाटली गेली आहे व तिच्याबरोबर हमीही वाटली गेली आहे. दोष कोणाच्या वाट्याचा, हे ठरेपर्यंत कामाला हात लागत नाही.

संज्ञांचा खुलासा

आर.व्ही.चे दोन मुख्य प्रकार आहेत. स्वतःचे इंजिन असलेली ती मोटरहोम. दुसऱ्या वाहनाने ओढली जाणारी ती ट्रेलर. ट्रेलरमध्येही ट्रकच्या मागील आकड्याला जोडला जाणारा 'ट्रॅव्हल ट्रेलर' आणि पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीवर टेकणारा 'फिफ्थ व्हील' असे भेद आहेत. महाराष्ट्रातील शहरांत 'टोइंग' म्हटले की चुकीच्या जागी लावलेली दुचाकी उचलून नेणारी गाडी डोळ्यांपुढे येते. येथे मात्र ट्रेलर ओढणारा, ग्राहकाच्या स्वतःच्या मालकीचा पिकअप ट्रक अभिप्रेत आहे.

एक वाहन, अनेक उत्पादक

अमेरिकेतील बहुसंख्य आर.व्ही. इंडियाना राज्यात, विशेषतः एल्कहार्ट परगण्यात व त्याच्या आसपास तयार होतात. येथील कारखान्यांत मोटार उद्योगासारखे यंत्रमानव क्वचितच आढळतात. लाकडी वा ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर फायबरग्लासच्या चिकटवलेल्या भिंती, वर रबरी पडद्याचे छप्पर हे सारे काम प्रामुख्याने हातांनी होते. अनेक ठिकाणी मजुरी उत्पादनाच्या नगांवर ठरते. साहजिकच वेगाला मोल येते आणि पाईप घट्ट बसला की नाही हे पुन्हा पाहण्यात गेलेला वेळ कामगाराच्या खिशातून जातो. २०२१ मध्ये, साथीच्या काळात प्रवासाच्या रीती बदलल्याने, उद्योगाने सुमारे ६ लाख आर.व्ही. कारखान्याबाहेर पाठवल्या, हा विक्रम होता. २०२३ मध्ये ही संख्या सुमारे ३ लाख १३ हजारांवर आली. मागणीच्या अशा चढउतारात कुशल मनुष्यबळ टिकवणे कोणत्याही उद्योगाला कठीणच.

परंतु ज्याच्या नावाची पाटी वाहनावर असते तो उत्पादक प्रत्यक्षात फार थोडे घटक स्वतः बनवतो. मोटरहोमची चॅसी फोर्ड किंवा फ्रेटलायनरसारख्या कंपनीची असते. फ्रिज, पाणी तापवण्याचे यंत्र, वातानुकूलन, बाहेर सरकणारी खोली, टायर, जनरेटर यांतील प्रत्येक वस्तू वेगळ्या पुरवठादाराची असते आणि बहुतेकींना स्वतंत्र हमीपत्र असते. घराच्या भागाची मूळ हमी बहुधा एक वर्षाची; चॅसीची त्याहून दीर्घ.

सरकणारी खोली अर्धवट अडकल्याचे उदाहरण घेता येईल. मोटर जळाली असेल तर जबाबदारी पुरवठादाराची; मोटरकडे जाणारी तार कारखान्यात चिमटली गेली असेल तर आर.व्ही. उत्पादकाची; चॅसीकडून पुरेसा विद्युतदाब येत नसेल तर चॅसीच्या कंपनीची; आणि रुळात खडा अडकला असेल तर ग्राहकाची. निदान विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये होते, परंतु खर्चाला मंजुरी दुसऱ्याने द्यायची असते. छायाचित्रे पाठवणे, मंजुरीची वाट पाहणे, सुटा भाग मागवणे, चुकीचा आला तर परत करणे या क्रमात प्रत्यक्ष कामाचे तास दोन असले तरी आठवडे सहज जातात. शिवाय विक्रेते आपल्याकडे खरेदी केलेल्या ग्राहकांना आधी घेतात. प्रवासात दूरच्या राज्यात बिघाड झालेला प्रवासी रांगेच्या शेवटी उभा राहतो.

ही विभागणी नेहमी ग्राहकाच्या विरोधातच जाते असे नाही. डोमेटिक कंपनीने २००६ मध्ये आपले सुमारे ९ लाख २६ हजार फ्रिज सुरक्षेच्या कारणास्तव दुरुस्तीसाठी परत बोलावले. या फ्रिजमध्ये अमोनिया व हायड्रोजन वायूंवर चालणारी शीतकरणाची पद्धत असते. बॉयलरच्या नळीला तडा गेल्यास वायू बाहेर पडून आग लागण्याचा धोका होता. हे फ्रिज अनेक उत्पादकांच्या वाहनांत बसवलेले होते. पुरवठादार एकच असल्यामुळे एकाच मोहिमेत त्या सर्वांपर्यंत पोहोचता आले. मात्र अशा सक्तीच्या मोहिमा राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या कक्षेत, म्हणजे सुरक्षेच्या दोषांपुरत्याच, असतात. छप्पर गळते, कपाटाचे दार निखळते, फरशी फुगते हे दोष त्या कक्षेत येत नाहीत. आर.व्ही. उद्योगाच्या संघटनेची मोहोरही आग, गॅस, नळयोजना व वीज यांसंबंधीच्या मानकांची ग्वाही देते. बांधणीच्या सफाईची नव्हे. मोहोर पाहून निश्चिंत होणारा ग्राहक येथे फसतो.

भारतीय वाचकाला ही रचना अगदीच अपरिचित नाही. आपल्याकडेही ट्रकची चॅसी एका कंपनीची आणि बॉडी दुसऱ्याच कारागिराची, ही जुनी रीत आहे. फरक इतकाच की ट्रकच्या बॉडीत कोणी संसार थाटत नाही.

गळती : दोष की देखभालीतील हयगय?

आर.व्ही.चा सर्वांत मोठा शत्रू पाणी. छपरावर हवेची झडप, वातानुकूलन यंत्र, अँटेना यांसाठी भोके पाडलेली असतात व त्यांच्या कडा सीलंटने बंद केलेल्या असतात. वाहन चालताना सांगाडा सतत पीळ खातो, ऊन व थंडीने पदार्थ आकुंचन-प्रसरण पावतात आणि सीलंटला भेगा पडतात. आत शिरलेले पाणी भिंतीतील प्लायवूडपर्यंत पोहोचते, तेथील चिकटद्रव्य सुटते व बाहेरच्या फायबरग्लासला फुगवटे येतात. फुगवटा दिसतो तेव्हा आतील लाकूड बहुधा कुजलेले असते.

म्हणूनच उत्पादक ठरावीक महिन्यांनी छपराची तपासणी करण्याची अट हमीपत्रात घालतात. ही अट तांत्रिकदृष्ट्या रास्त आहे. अडचण पुराव्याची आहे. कारखान्यातच सीलंट अपुरे लावले होते की ग्राहकाने तपासणी चुकवली, हे कुजलेल्या भिंतीवरून सांगणे अनुभवी कारागिरालाही अवघड जाते. अशा वेळी ज्याच्याकडे कागद, त्याचे पारडे जड. दर तपासणीची दिनांकासह छायाचित्रे व पावत्या जपून ठेवणाऱ्या ग्राहकाचा दावा टिकण्याची शक्यता वाढते. परंतु खरेदीच्या दिवशी हे त्याला समजावून सांगणारा विक्रेता विरळा.

ओढणारा ट्रक

ट्रेलरच्या ग्राहकापुढे ट्रकचा स्वतंत्र प्रश्न असतो. जाहिरातीत ट्रक किती वजन ओढू शकतो हा आकडा ठळक असतो. प्रत्यक्षात आधी संपते ती ट्रकची स्वतःवर भार घेण्याची क्षमता. फिफ्थ व्हीलच्या वजनाचा साधारण २० ते २५ टक्के भाग ट्रकच्या मागील आसावर येतो. भरलेला ट्रेलर १०,००० पौंडांचा (सुमारे ४,५०० किलो) असेल, तर २,००० ते २,५०० पौंड ट्रकवर पडतात. ट्रकची ओढण्याची क्षमता ११,००० पौंड, परंतु भारक्षमता १,६०० पौंड असेल, तर जाहिरातीनुसार जुळणारी ही जोडी काट्यावर अपात्र ठरते. त्यात माणसे व जोडणीचे लोखंड अद्याप धरलेलेच नाही. पुढे गिअरबॉक्स किंवा आस निकामी झाला की अतिभाराचे कारण दाखवून हमी नाकारली जाते. नियमाने ते नाकारणे योग्य असते, पण तो ट्रक आणि तो ट्रेलर यांची जोडी अनेकदा विक्रेत्यानेच सुचवलेली असते.

ट्रकच्या विश्वासार्हतेची दोन उदाहरणे बोलकी आहेत. फोर्डच्या अवजड पिकअपमध्ये २००३ पासून आलेले ६ लिटरचे डिझेल इंजिन नॅव्हिस्टार कंपनी बनवून देत असे. त्यातील ऑइल कूलर गाळाने तुंबला की धूर थंड करणाऱ्या कूलरला पुरेसे शीतद्रव्य मिळेनासे होई, तो फुटे आणि शीतद्रव्य इंजिनात शिरे. वाढलेल्या दाबाने हेडचे बोल्ट ताणले जात व गॅस्केट निकामी होई. ट्रेलर ओढताना इंजिनावर सतत ताण असल्याने ही साखळी अधिक लवकर पुरी होत असे. हमीवरील दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा यावरून फोर्डने २००७ मध्ये नॅव्हिस्टारविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. तडजोड २००९ मध्ये झाली. दोन मोठ्या कंपन्यांना जबाबदारीची वाटणी करायला दोन वर्षे लागली, हे लक्षात घेता एकट्या ग्राहकाची अवस्था काय होत असेल याची कल्पना यावी.

दुसरे उदाहरण बॉशच्या सीपी-४ या उच्चदाब इंधनपंपाचे. या पंपाचे वंगण म्हणजे त्यातून वाहणारे डिझेलच. डिझेलची वंगणक्षमता प्रयोगशाळेत धातूवर पडणाऱ्या झिजेच्या खुणेवरून मोजतात. खूण जितकी मोठी, तितके वंगण कमी. युरोपीय मानकात ही खूण कमाल ४६० मायक्रॉन, तर अमेरिकन मानकात ५२० मायक्रॉनपर्यंत चालते. पंप आतून झिजून फुटला की धातूचा कीस संपूर्ण इंधनप्रणालीत पसरतो आणि पंपापासून इंजेक्टरपर्यंत सारे बदलावे लागते. खर्च १०,००० डॉलरच्या घरात जातो. अनेक मालकांना 'इंधनात पाणी वा भेसळ होती' असे सांगून हमी नाकारण्यात आली. म्हणजे येथे दोष पंपाचा, ट्रकचा की पेट्रोलपंपावरील डिझेलचा, असा तिहेरी वाद. २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्स डिझेल ट्रकांविषयीच्या सामूहिक दाव्यात जनरल मोटर्सने २०२४ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड केली. तीही काही राज्यांतील ग्राहकांपुरती.

कायद्याचे अपुरे छत्र

अमेरिकेत सदोष मोटारींविरुद्ध 'लेमन लॉ' या नावाने ओळखले जाणारे राज्यांचे कायदे आहेत. कनेटिकटने १९८२ मध्ये असा पहिला कायदा केला. वारंवार दुरुस्ती करूनही दोष न गेल्यास वाहन बदलून देणे किंवा पैसे परत करणे उत्पादकावर बंधनकारक होते. आर.व्ही.च्या बाबतीत मात्र या छत्राला मोठी भोके आहेत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मोटरहोमची चॅसी व चालन यंत्रणा येते, निवासाचा भाग वगळलेला आहे. म्हणजे गिअरबॉक्ससाठी संरक्षण आहे. स्वयंपाकघराच्या फुगलेल्या फरशीसाठी ते नाही. जेथे बहुसंख्य आर.व्ही. तयार होतात त्या इंडियानाच्या कायद्यात मोटरहोम स्पष्टपणे वगळलेली आहे. हा योगायोग मानणे कठीण आहे.

उरतो तो १९७५ चा संघराज्याचा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा. तो घराच्या भागालाही लागू होतो आणि दावा जिंकणाऱ्या ग्राहकाला वकिलाचा खर्च मिळण्याची तरतूद त्यात आहे. परंतु तो हमीपत्रातील शब्दांवर उभा आहे. काही उत्पादकांची हमीपत्रे दुहेरी उपाय सांगतात : प्रथम दुरुस्ती, ती फसल्यास स्वतंत्र वर्कशॉपमधील दुरुस्तीचा खर्च. सातव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने २०१९ मध्ये एका मोटरहोमच्या खटल्यात पर्यायी उपाय न अजमावल्यामुळे खरेदीदारांविरुद्ध निकाल दिला. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने एका फिफ्थ व्हीलच्या खरेदीदारांचे अपील, उत्पादकाला दोष दूर करण्याची पुरेशी संधी दिली नाही या कारणाने फेटाळले. वाहन महिनोन्‌महिने विक्रेत्याच्या आवारात उभे राहणे आणि उत्पादकाला रीतसर संधी देणे या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. ग्राहकाला हा फरक बहुधा निकालपत्रातच कळतो.

कारखान्याच्या दारातील सेवा

या पार्श्वभूमीवर काही उत्पादकांनी ठेवलेला जुना प्रघात उठून दिसतो. अलाबामातील रेड बे या छोट्या गावात १९७२ मध्ये सुरू झालेल्या टिफिन मोटरहोम्सच्या सेवाकेंद्राजवळ ग्राहकांसाठी तळ आहे. दूरदूरच्या राज्यांतून आलेले मालक तेथे आपल्याच मोटरहोममध्ये मुक्काम करतात, सकाळी वाहन कामाला जाते, संध्याकाळी परत मिळते. ओहायोतील जॅक्सन सेंटर येथे एअरस्ट्रीमनेही सेवेसाठी येणाऱ्यांकरिता तळ राखला आहे. येथे मंजुरी देणारा, सुटा भाग देणारा आणि काम करणारा एकाच आवारात असतो. मधला पत्रव्यवहारच संपतो. मात्र हजार मैलांचा प्रवास करून येण्याइतके इंधन व सवड सर्वांकडे नसते. हंगामी श्रमिकाकडे तर नसतेच. त्याला जवळचा फिरता कारागीरच गाठावा लागतो. बारा व्होल्टची वीज, गॅस, नळ, सुतारकाम आणि छप्पर हे सारे एका माणसाला येणे ही दुर्मीळ गोष्ट असल्याने त्याचीही तारीख लवकर मिळत नाही.

हमी देणारी कंपनीच नाहीशी झाली तर काय, हा प्रश्न २००९ मध्ये प्रत्यक्षात उभा राहिला. २००६ मध्ये सुमारे ३ लाख ९० हजार असलेले उत्पादन २००९ मध्ये १ लाख ६६ हजारांच्या आसपास घसरले आणि त्या वर्षीच्या मार्च महिन्यात मोनॅको कोच व फ्लीटवूड या दोन नामांकित कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. दिवाळखोरीत मालमत्ता विकत घेणारी कंपनी जुन्या हमींचे ओझे घेईलच असे नसते. तेव्हा एरवी डोकेदुखी ठरणारी विभागणी काहींच्या उपयोगी पडली. ज्यांची चॅसी फोर्ड वा फ्रेटलायनरची होती त्यांची घराची हमी बुडाली तरी चॅसीची शिल्लक राहिली. मोनॅकोच्या महागड्या मोटरहोमना मात्र कंपनीने स्वतः बांधलेली रोडमास्टर चॅसी असे. अधिक किंमत मोजून एकाच घरची वस्तू घेतलेल्या त्या मालकांच्या हाती इंजिन, गिअरबॉक्स आणि फ्रिज यांचीच सुटी हमीपत्रे उरली.